जप्तीच झाली नाही, तर माफी हवी कोणाला?

संपादक महोदय,

अमेरिकेत घोटाळेबाज उद्योजकांना मिळणाऱ्या माफीच्या बातम्यांनी आपल्याकडच्या पानठेल्यांवरही दोन तट पाडले आहेत. एकाचे म्हणणे, तिकडे निदान शिक्षा तरी होते. दुसऱ्याचे, वरून एक सही आली की शिक्षा गेली, मग उपयोग काय? निकोला या ट्रक कंपनीचा संस्थापक ट्रेव्हर मिल्टन याचे प्रकरण दोघांनाही पुरावा म्हणून चालते. त्याच्या कंपनीने रस्त्यावर धावणारा म्हणून जो ट्रक चित्रफितीत दाखवला, तो प्रत्यक्षात उतारावरून नुसता घरंगळत होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्युरीने मिल्टनला दोषी धरले, डिसेंबर २०२३ मध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. भागधारकांची भरपाई ठरायची बाकी होती. सरकारी वकिलांनी सुमारे ६८ कोटी डॉलर मागितले होते. माफी आली आणि तो विषयही तिथेच संपला.

यातला शेवटचा भाग आपल्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. माणूस तुरुंगात गेला की नाही यावर सगळे भांडतात. पैशाचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही.

माफीचा अधिकार आपल्याकडेही आहे. राष्ट्रपतींना अनुच्छेद ७२ खाली, राज्यपालांना अनुच्छेद १६१ खाली. मात्र ही सही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते, हे सर्वोच्च न्यायालयाने मारू राम खटल्यात १९८० मध्ये सांगितले. राजकीय सोयीने दिलेली सूट न्यायालय रद्दही करू शकते. आंध्रातल्या एका राजकीय कार्यकर्त्याला राज्यपालांनी दिलेली सूट २००६ मध्ये अशीच रद्द झाली. महाराष्ट्रात १९६४ साली नानावटींना मिळालेली माफी सगळ्यांना आठवते. त्याच सुमारास आयात परवान्याच्या गैरवापरात शिक्षा झालेल्या भाई प्रताप या व्यापाऱ्यालाही माफी मिळाली होती, ते फारसे कोणी सांगत नाही.

पण गावोगावच्या ठेवी बुडवणारा माणूस राज्यपालांकडे फिरकत नाही. त्याला तिथे काही काम नसते. आपल्या कायद्यात शिक्षा आणि पैसा यांच्या वाटा वेगळ्या आहेत. १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात, म्हणजे सगळे ज्याला एमपीआयडी म्हणतात त्यात, मालमत्तेची जप्ती निकालाची वाट पाहत नाही. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच कलम ४ खाली ती होते, आणि जप्त मालमत्ता विकून आलेला पैसा ठेवीदारांना वाटता येतो. उद्या शिक्षेत सूट मिळाली तरी ही वाट बंद होत नाही. अमेरिकेपेक्षा आपली ही रचना चांगली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच ज्याला सुटायचे असते तो शिक्षेच्या वाटेवर वेळ घालवत नाही. तो पैशाची वाट अडवतो, आणि ती अडते पोलीस ठाण्यात, तलाठ्याच्या दप्तरात आणि मंत्रालयात. तिथे जी मिळते तिला कोणी माफी म्हणत नाही, एवढेच.

सुरुवात प्रथम खबरीपासून, म्हणजे एफआयआरपासून होते. ठेवीदार ठाण्यात जातो आणि ‘माझे पैसे परत मिळावेत’ असा अर्ज देतो. त्यावर ‘चौकशीवर’ असा शेरा पडतो आणि हंगाम निघून जातो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार ३ वर्षे ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना अशी प्राथमिक चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवावी लागते. ठाण्याने खबर घेतली नाही तर अर्ज पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथेही दाद नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे, हा क्रम कलम १७३(४) मध्ये आहे. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नये, हे आपल्या भागात अजूनही सांगावे लागते.

खबर नोंदली तरी कलमे कोणती लागली ते वाचून घ्या. नुसते भारतीय न्याय संहितेतले फसवणुकीचे ३१८(४), म्हणजे जुने ४२०, लागले असेल तर एमपीआयडीची जप्ती येत नाही; त्यासाठी एमपीआयडीचे कलम ३ खबरीत हवे. त्यात शिक्षा जास्तीत जास्त ६ वर्षे आणि दंड जास्तीत जास्त १ लाख रुपये आहे. (कोटींच्या अपहाराला लाखाचा दंड! १९९९ चा आकडा आहे तो.) बँकर, व्यापारी किंवा एजंट या नात्याने विश्वासघात केल्याचे ३१६(५), म्हणजे जुने ४०९, हे कलम लागणे तितकेच महत्त्वाचे. कारण असे की, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत राहिला की जामिनाला पात्र होतो. ६ वर्षांच्या कलमात हा काळ २ वर्षांचा. ३१६(५) मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्याने ही सवलत लागू होत नाही. एकाहून अधिक गुन्ह्यांचे तपास किंवा खटले बाकी असतील तरीही ती लागू होत नाही. म्हणून दहा तालुक्यांतल्या ठेवीदारांची एकच खबर करून बाकीच्यांचे ‘जबाब’ घेतले जातात, तेव्हा सोय कोणाची होते याचा विचार ठेवीदारांनी आपल्या वकिलाबरोबर बसून करावा.

आता कागद. संस्था बुडायच्या आधीच्या सहा-आठ महिन्यांत एक गोष्ट हमखास घडते: एजंट घरी येतो, ‘ऑनलाइन चढवायचे आहे’ किंवा ‘नूतनीकरण करायचे आहे’ म्हणून मूळ ठेव पावती घेऊन जातो. बदल्यात नवी पावती येते, तारीख नवी, रक्कम व्याजासह मिळवलेली. मुद्दल किती, व्याज किती आणि पैसे नेमके कोणत्या वर्षी भरले, हे सगळे त्या एका कागदाने पुसले जाते. पावतीच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि पैसे बँकेतून गेले असतील तर त्या दिवसाचा खातेउतारा, हे दोन कागद जपून ठेवलेल्याचा दावा पुढे टिकतो. नाव आधारवर, पावतीवर आणि बँकेच्या पासबुकावर वेगवेगळे लिहिलेले असेल तर ते आजच दुरुस्त करा. सहारा समूहाच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवींसाठी केंद्राने जुलै २०२३ मध्ये परताव्याचे पोर्टल सुरू केले. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर त्यात अर्जच पुढे सरकत नाही. सुरुवातीला १० हजारांपर्यंत आणि सप्टेंबर २०२४ पासून ५० हजारांपर्यंतच परतावा ठरला. सहाराचे प्रमुख सुब्रत रॉय २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षांहून अधिक काळ तिहारमध्ये होते, १४ नोव्हेंबर २०२३ ला वारले. ‘आत टाका म्हणजे पैसे बाहेर येतील’ हा आपल्याकडचा आवडता सिद्धान्त तिथे तपासून पाहावा.

जप्तीची गोष्ट जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गळती तिथेच आहे. गृह विभाग कलम ४ खाली अधिसूचना काढतो, सक्षम प्राधिकारी नेमतो. बहुधा हे काम उपविभागीय अधिकाऱ्याकडे येते. त्याने ३० दिवसांत विशेष न्यायालयात अर्ज करून जप्ती कायम करून घ्यायची असते. या अधिकाऱ्याकडे निवडणूक, पीक पंचनामे, पूर आणि रेती, सगळे आहेच. संचिकेला माणूस वेगळा मिळत नाही. अधिसूचनेत मालमत्तेचे वर्णन ‘मौजे अमुक येथील शेतजमीन’ असे मोघम असते. गट क्रमांक चुकलेला, हिस्सा लिहिलेला नाही, जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे हे तपासलेले नाही. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही आणि लिलाव तिथेच थांबतो. उरलेल्यांपैकी बऱ्याच मालमत्तांवर एखाद्या बँकेचा बोजा आधीच असतो. जिनिंग-प्रेसिंग किंवा दालमिल असेल तर नक्कीच. मग यादीत दहा मालमत्ता दिसल्या तरी ठेवीदारांच्या वाट्याला दोन उरतात. आणि त्याच मालमत्तेवर सक्तवसुली संचालनालयाचीही जप्ती आली असेल, तर आधी दोन सरकारी कार्यालयांचा पत्रव्यवहार संपायची वाट पाहावी लागते. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ८(८) मध्ये अशी मालमत्ता खऱ्या दावेदारांना परत देण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते.

जप्तीचे पत्र निघाले म्हणजे जमीन अडकली, असेही नाही. ते तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) पोचून फेरफार व्हावा लागतो, सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद चढावी लागते आणि दुय्यम निबंधकाकडे प्रत जावी लागते. मधल्या काळात साल्याच्या नावे बक्षीसपत्र होऊन जाते. हे शोधणे अवघड नाही. अध्यक्ष, संचालक, व्यवस्थापक आणि त्यांच्या घरच्यांची नावे घेऊन नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) पाहा. खबरीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतले बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र आणि बाजारभावापेक्षा फार कमी किमतीची खरेदीखते वेगळी काढा. एमपीआयडीच्या कलम ८ मध्ये अशा बनावट हस्तांतरणातली मालमत्ताही न्यायालयाला जप्त करता येते. चार तरुण पोरे आठवडाभर बसली तर अशी यादी तयार होते आणि सक्षम प्राधिकाऱ्याला ती पोच घेऊन देता येते.

आणखी एक. जप्त वावर पडीक राहत नाही. कागदावर जप्ती, वावरात कपाशी-तूर उभी, आणि मक्त्याचे पैसे मूळ मालकाच्या भावाकडे. ज्या जमिनीच्या विक्रीला वर्षे लागणार, तिचा दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी जाहीर मक्ता व्हावा आणि ती रक्कम न्यायालयात जमा व्हावी, असा अर्ज ठेवीदारांनी करायला हवा. जप्त गाड्यांचे तर विचारूच नका; ठाण्याच्या आवारात तीन पावसाळे काढले की भंगाराचा भाव येतो. त्यांचा लिलाव आधी मागावा.

सहकारी संस्थेत वसुलीची दुसरी वाट कलम ८८ ची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये ही सगळ्यात धारदार तरतूद आहे: कोणत्या संचालकाच्या कोणत्या ठरावाने किती नुकसान झाले ते माणसागणिक ठरवायचे आणि त्याच्या खिशातून वसूल करायचे. लेखापरीक्षकाने कलम ८१(५ब) खाली विशेष अहवाल देऊन खबर दाखल करायची, कलम ८३ ची चौकशी व्हायची, मग ८८. ८८ चे काम २ वर्षांत, फार तर आणखी ६ महिन्यांत संपवावे असे कायदा म्हणतो. लेखापरीक्षण किंवा चौकशी सुरू होण्याच्या आधीच्या ५ वर्षांतले व्यवहारच त्यात धरता येतात. म्हणून चाचणी लेखापरीक्षण लांबवणे ही पहिली खेळी. एक-एक वर्ष लांबले की मागचे एक-एक वर्ष गळते.

एवढे करून जबाबदारी निश्चित झाली, आदेश सहनिबंधक पातळीचा असला, की कलम १५२ खाली अपील जाते राज्य शासनाकडे, म्हणजे सहकारमंत्र्यांपुढे. तिथे मिळते ती ‘पुढील आदेशापर्यंत स्थगिती’. महाराष्ट्रातला खरा माफीनामा मी यालाच म्हणतो. त्यावर राज्यपालांची सही नसते, बातमी होत नाही, आणि पुढचा आदेश येईपर्यंत संचालक पुढची निवडणूकही लढून घेतो. आता शेजारचेच कलम पाहा. थकबाकीदार कर्जदाराला कलम १०१ च्या वसुली दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर कलम १५४(२अ) नुसार वसूल व्हायच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. घेतलेल्या दोन लाखांसाठी कर्जदाराने निम्मे भरायचे, आणि संस्था बुडवल्याची जबाबदारी ज्याच्यावर निश्चित झाली त्याने मात्र वकीलपत्र तेवढे भरायचे. हीच ५० टक्क्यांची अट कलम ८८ च्या अपिलालाही लावा, ही या पत्रातली पहिली मागणी.

मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत पसरलेल्या संस्थेला कलम ८८ चे हे काहीच लागू नाही, हेही स्पष्ट असावे. तिचा निबंधक दिल्लीत. जिल्हा उपनिबंधकाच्या दारात मोर्चा नेला तर तो ‘अधिकार नाही’ म्हणतो आणि ते खरेच असते. तिथे एमपीआयडीच कामाचा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्था, मल्टिस्टेट पतसंस्था आणि निधी कंपन्या यांना तो नाही, मग पाटीवर अक्षरे कितीही मोठी असोत.

खटलाच काढून घेणे ही सुटायची आणखी एक वाट. पाटणा अर्बन सहकारी बँकेच्या घोटाळ्यात बिहारचे जगन्नाथ मिश्र आरोपी होते. ते पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर सरकारने खटला मागे घ्यायचा अर्ज केला. शिवनंदन पासवान यांनी त्याला शेवटपर्यंत विरोध केला. डिसेंबर १९८६ मध्ये घटनापीठाने ३ विरुद्ध २ मतांनी माघार मान्य केली. आता दोन अडसर आले आहेत. आजी-माजी आमदार-खासदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२१ चा आदेश. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय माघारीला परवानगी नाही. पण ऐकायला पीडित न्यायालयात हजर तर हवा. शंभर ठेवीदारांनी मिळून एक वकील देऊन विशेष न्यायालयात आपली उपस्थिती नोंदवून ठेवली नाही, तर नोटीस कोणाच्या पत्त्यावर जाणार?

काहीच न करता नुसती वर्षे जाऊ देणे, ही वाट मात्र सगळ्यांच्या सोयीची. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा २००२ चा. सरकारी रोखे घ्यायला म्हणून सुमारे दीडशे कोटी खासगी दलालांकडे गेले. रोखे आले नाहीत, पैसेही नाहीत. रोखे खरोखर घेतले की नाही हे दलालाच्या करारचिठ्ठीवरून कळत नाही, बँकेच्या स्वतःच्या रोखे खात्याच्या उताऱ्यावरून कळते. तो उतारा दर महिन्याला मागणे एवढेच काम होते. निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये: तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांना ५ वर्षे सक्तमजुरी आणि साडेबारा लाख दंड. आमदारकी गेली, शिक्षेविरुद्ध अपील झाले, जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. न्यायालयात जे व्हायचे ते होईल. पण त्या दलालांपैकी होम ट्रेड या कंपनीची झळ वर्धा बँकेलाही लागली होती, आणि नागपूर, वर्धा, बुलढाणा या तीन जिल्हा बँका रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळवण्याइतक्याही उभ्या नव्हत्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या मदत योजनेत त्यांना घ्यावे लागले. जिल्हा बँक बसली की गावची सेवा सोसायटी बसते, सोसायटी बसली की जूनमध्ये बियाण्या-खताचा पैसा सावकाराकडून येतो. त्याचा हिशेब कुठल्याही दोषारोपपत्रात नसतो.

उद्योगांसाठी आणखी एक सोय आहे. ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने जाणूनबुजून कर्ज बुडवणारे आणि फसवणूक ठरलेली खाती यांच्याशीही तडजोड करायची मुभा बँकांना दिली. फौजदारी कारवाई चालूच राहील असे त्यात आहे, आणि नव्या कर्जासाठी किमान १२ महिने थांबायची अट आहे. बारा महिने! इकडे एकरकमी तडजोड केलेल्या कास्तकाराला पुढच्या खरिपात सिबिल दाखवून परत पाठवतात, त्याला किती हंगाम थांबायचे ते कोणी लिहून देत नाही.

दुसरी मागणी साधी आहे. कलम ८८ च्या ज्या आदेशांना स्थगिती आहे, त्यांची यादी सहकार विभागाने संकेतस्थळावर लावावी: संस्थेचे नाव, निश्चित झालेली रक्कम, स्थगितीची तारीख, शेवटची सुनावणी, पुढची तारीख. तोपर्यंत १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात आपल्या संस्थेपुरते हेच पाच मुद्दे मागता येतात. ‘संपूर्ण माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले की अर्ज परत येतो. आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भातल्या एखाद्या आमदाराने, कोणत्याही पक्षाच्या, हाच तारांकित प्रश्न जिल्हावार विचारावा. उत्तर छापील मिळते, आणि त्यावर मंत्र्याचे नाव असते.

आपला,
सहकार खात्यातील एक निवृत्त लेखापरीक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ